दुखत नसतानाही दम का लागतो?

 

आजचा विषय आम्ही शोधून काढलेला नाही, तो बैठकीतूनच आला. हप्त्यांचा हिशेब झाला, वही मिटली, आणि उठता उठता एक मावशी बोलल्या. त्यांची सून किनवटकडची. तिला लहानपणापासून सिकलसेल आहे. माहेरच्यांनी लग्नाआधीच खरं काय ते सांगितलं होतं, लपवाछपवी काही नव्हती. मावशी म्हणाल्या, “अंग दुखायला लागलं की आम्ही समजून जातो. पाणी पाजतो, पांघरूण घालतो, दवाखान्यात नेतो. पण आता दुखणं नाही तरी बी तिला दम लागायलाय. हंडा घेऊन चार पायऱ्या चढली की खाली बसती. मला आधी वाटलं, कामाचा कंटाळा असंल. पण दुखतच नाही, तर दम कामून लागायलाय?”

आमच्यातल्या कोणालाच उत्तर देता आलं नाही. सिकलसेल म्हणजे रक्त कमी आणि अंगदुखी, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग आम्ही आशाताईंना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचून काढलं. त्यात एका वायूचं नाव समोर आलं. डोळ्याला न दिसणारा हा वायू आपल्या प्रत्येकीच्या अंगात दर क्षणाला तयार होतो. त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. मावशींच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या वायूपाशी आहे.

हा आजार आपल्याकडे कुठून आला?

बीड जिल्हा सिकलसेलचा जिल्हा म्हणून ओळखला जात नाही. आपल्या राज्यात हा आजार जास्त आहे तो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पूर्व विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारच्या सातपुड्यात आणि पालघर-नाशिकच्या डोंगरी भागात. आपल्या मराठवाड्यात नांदेडचा किनवट-माहूरचा पट्टा त्यात येतो. आदिवासी समाजांत तो जास्त दिसतो, पण विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि इतर समाजांतही आहे. महाराष्ट्रात त्याची नोंद जुनी आहे. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत या आजारावर कित्येक वर्षं काम केलं, आणि त्यासाठी २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग युसूफ वडगावच्या बायांनी हे कशाला ऐकायचं? सोयरीक आता लांबलांब होते. आपल्या जिल्ह्यातले कोयते दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, आणि कारखान्याच्या तळावर शेजारच्या कोपीत कोणत्या भागातलं कुटुंब असेल हे सांगता येत नाही. आजार जिल्ह्याची हद्द बघत नाही. आणि जिथे तो कमी असतो, तिथे ओळखणारेही कमी असतात. त्यामुळे अशा ठिकाणी आलेल्या सुनेचे हाल जास्त होतात.

विळ्यासारखी पेशी

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल, मधे थोड्या खोलगट आणि लवचिक असतात. केसाहून बारीक नळीतूनसुद्धा त्या अंग मुडपून पुढे सरकतात. या पेशींत हिमोग्लोबिन भरलेलं असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू धरतं आणि अंगभर पोचवतं.

सिकलसेलच्या माणसाचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडं वेगळं असतं. त्यातला प्राणवायू सुटला की त्याचे लांब कडक दोरे बनतात आणि पेशी ताणून विळ्यासारखी वाकडी होते. ती बारीक नळीत अडकते. मंजऱ्याच्या कालव्याच्या चारीत काटक्या आणि पाला अडकला की मागं पाणी तुंबतं आणि पुढचं रान कोरडं राहतं, तसंच हे. रक्त न मिळालेला भाग कळवळून दुखतो. हाडं दुखतात, छाती दुखते, पोट दुखतं. यालाच डॉक्टर सिकलसेलचा झटका म्हणतात. इथपर्यंत आपल्यातल्या काही जणींना माहीत असतं.

पण वाकड्या पेशीची आणखी एक अडचण आहे. ती लवकर फुटते. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या माणसाची दहा ते वीस दिवसांत मोडते. हाडांच्या मगजात नव्या पेशी तयार होतात, पण मोडणाऱ्यांचा वेग एवढा असतो की भरती पुरी पडत नाही. म्हणून रक्त कायम कमी राहतं. आणि पेशी फुटली की तिच्या आतलं हिमोग्लोबिन रक्ताच्या पाण्यात सांडतं. हे सांडणं दुखत नाही. कळ न येता ते रोज चालू असतं. आपली खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सैल हो, असा निरोप देणारा वायू

रक्ताची नळी प्लास्टिकच्या पाइपासारखी मेलेली नसते. तिच्या भिंतीत स्नायूचा पातळ थर असतो. तो आवळला की नळी अरुंद होते, सैल झाला की रुंद होते. आपण शेतात वाकून खुरपायला लागलो की पायांकडचं, हातांकडचं रक्त वाढायला हवं. तेव्हा त्या नळ्यांना “सैल हो” असा निरोप कोण देतं? नळीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी देतात, आणि तो निरोप म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड वायू.

युरियात जो नत्र असतो, त्या नत्राचा एक कण आणि प्राणवायूचा एक कण जोडला की हा वायू होतो. काही सेकंदच टिकतो, म्हणून शरीराला तो सतत ताजा बनवावा लागतो. त्याचा कच्चा माल म्हणजे आर्जिनिन नावाचा प्रथिनांमधला घटक. शेंगदाणे, डाळी, अंडी यांतून तो आपल्याला मिळतो. हा वायू नळी सैल ठेवतो, आणि रक्तातल्या पेशी अस्तराला चिकटू नयेत, गुठळी होऊ नये, हेही बघतो. एवढा छोटा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, हे दाखवून देणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता बघा काय होतं. हिमोग्लोबिनचा स्वभावच वायू धरण्याचा. पेशीच्या पिशवीत आहे तोवर ते प्राणवायू धरतं आणि नळीच्या भिंतीपासून जरा लांब राहतं. लिंबू अख्खं असेल तर दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवलं तरी दुधाला काही होत नाही. पण चिरलं आणि रस दुधात पडला की दूध नासलं. तसं पेशी फुटून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन नळीच्या भिंतीपाशी पोचतं, आणि तिथे तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड ते खाऊन टाकतं. पेशीच्या आत असताना खाल्ला असता, त्याच्या शेकडो पटींनी वेगानं.

नुकसान इथेच थांबत नाही. फुटलेल्या पेशीतून आर्जिनेज नावाचं आणखी एक द्रव्य सांडतं. ते आर्जिनिन, म्हणजे या वायूचा कच्चा मालच, संपवतं. म्हणजे एकजण तयार माल पळवतो आणि दुसरा दुकानातला कच्चा माल. मग “सैल हो” हा निरोप जायचा कसा? नळ्या आवळलेल्या राहतात, अस्तर खरखरीत आणि चिकट होतं, आणि वर्षानुवर्षं असं झालं की भिंती जाड होत जातात.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क ग्लॅडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हे सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तावर दाखवून दिलं. कोणत्या त्रासात या वायूच्या कमतरतेचा वाटा किती आणि दुसऱ्या कारणांचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण पेशी फुटणं आणि नळ्या खराब होणं यांचा संबंध आहे, हे समजल्यावर डॉक्टर फक्त दुखणं विचारून थांबत नाहीत, पुढचंही तपासतात.

आवळलेल्या नळ्या कुठे कुठे त्रास देतात

पहिली जागा फुप्फुसं. हृदयाकडून फुप्फुसांत जाणाऱ्या नळ्या आवळल्या की हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. त्या नळ्यांतला दाब वाढतो. हा दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी नव्हे, तो वेगळा. त्यामुळे दंडावरचा बीपी चांगला आला तरी हा दाब वाढलेला असू शकतो. याची पहिली खूण म्हणजे चालताना, चढताना दम लागणं. फ्रान्स, ब्राझील आणि अमेरिकेत मोठ्या वयाच्या रुग्णांची नीट तपासणी केली, तेव्हा शंभरातल्या साधारण सहा ते दहा जणांत हा दाब वाढलेला सापडला. हा त्रास जिवावर बेतू शकतो आणि तो अंगदुखी न होता वाढतो. मावशी, तुमच्या सुनेला दुखत नसतानाही दम लागतो, त्यामागे हे एक कारण असू शकतं. रक्त फार कमी झालं तरी दम लागतो. दोन्हींतलं कोणतं, हे रक्ताची तपासणी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय कळत नाही. म्हणून कंटाळा म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी जागा पायाचा घोटा. घोट्याजवळ छोटीशी जखम होते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. आपल्या भागातल्या सिकलसेलमध्ये अशा जखमा तुलनेनं कमी दिसतात, पण होतात. साखर नाही, तरी जखम का भरत नाही, असं कोडं पडलं आणि घरात सिकलसेल असेल, तर हे डॉक्टरांना सांगा. हळद, राख, शेण, पानांचा लेप लावून दिवस घालवू नका.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण लेकरांच्या आयांनी ऐकलीच पाहिजे. सिकलसेल असलेल्या मुलाचं किंवा पुरुषाचं लिंग कोणत्याही इच्छेशिवाय ताठ होतं, दुखतं आणि तासनतास सैल होत नाही. पोरगं लाजेनं आईला सांगत नाही, बापाला सांगत नाही, रात्रभर कण्हत राहतं. चार तासांवर गेलं तर तो तातडीचा आजार आहे. वेळेत उपचार झाले नाहीत तर कायमचं नुकसान होतं. मुलगा कळता होत आला की बापानं, मामानं नाहीतर तुम्हीच त्याला आधी सांगून ठेवा की असं झालं तर लाजायचं नाही, लगेच हाक मारायची.

चौथी जागा मेंदू. लहान लेकरालाही अर्धांगवायू होऊ शकतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटके येणं, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन. मोठ्या दवाखान्यात लेकराच्या डोक्याची एक सोनोग्राफी करून मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात, त्यावरून धोका आधी ओळखता येतो. अशी सोय जवळ कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा.

पाचवी जागा मूत्रपिंड. म्हणून वर्षातून एकदा तरी लघवीची आणि रक्ताची तपासणी हवी.

पिवळे डोळे म्हणजे प्रत्येक वेळी कावीळ नव्हे

पेशी आत फुटतात हे आपल्याला बाहेरून कसं कळणार? डोळ्यांवरून. फुटलेल्या पेशींतून पिवळा रंग तयार होतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो. लघवी गडद होते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला, माळ घालायला, नाकात थेंब टाकायला नेतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या बाबतीत हे फार घातक आहे. त्यात दिवस जातात, पथ्य म्हणून खाणंपिणं तोडलं जातं आणि माणूस आणखी अशक्त होतो. सिकलसेल असलेल्याचे डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे झाले, लघवी काळपट झाली, किंवा एकदम फिक्कटपणा आला, तर पेशी वेगानं फुटत आहेत असं समजून दवाखाना गाठा. खरी कावीळ किंवा पित्ताशयात खडे असले तरी तेही तिथेच कळेल.

मग वायूच का देत नाहीत?

आम्हालाही हाच प्रश्न पडला. वायू कमी पडतो, तर वायू द्यावा. शास्त्रज्ञांनी तेही करून बघितलं. अमेरिकेत झटका आलेल्या १५० रुग्णांवर नळीतून नायट्रिक ऑक्साइड हुंगवण्याची चाचणी झाली. तिचा निकाल २०११ साली आला. झटका काही लवकर थांबला नाही. त्याआधी, २००९ साली, सिल्डेनाफिल नावाच्या गोळीची चाचणी मधेच थांबवावी लागली. ही गोळी या वायूचा निरोप जास्त वेळ टिकवते. पण ती घेणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांचे दुखण्याचे झटके उलट वाढले.

यातून आपण काय शिकायचं? गळक्या घागरीत वरून पाणी ओतून ती भरत नाही, आधी गळती कमी करावी लागते. पेशी फुटत राहतील तोवर वरून दिलेला वायू खाल्लाच जाणार. म्हणून व्यायामशाळेत नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी पावडर म्हणून जे डबे मिळतात, किंवा ताकदीच्या नावाखाली ज्या गोळ्या विकतात, त्या सिकलसेलच्या रुग्णाला देऊ नका. बीट, शेंगदाणे, डाळी जेवणात जरूर असू द्या. ते चांगलं अन्न आहे, पण औषधाची जागा ते घेत नाही.

गळती कमी करणारं औषध आहे. त्याचं नाव हायड्रॉक्सीयुरिया. नावात युरिया असला तरी खताशी त्याचा संबंध नाही. बाळ पोटात असताना शरीरात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते वाकत नाही. हे औषध तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. मग पेशी कमी वाकतात आणि कमी फुटतात. शिवाय या औषधातून शरीरात थोडा नायट्रिक ऑक्साइडही तयार होतो. अमेरिकेत १९९५ साली पुऱ्या झालेल्या अभ्यासात त्यानं मोठ्या माणसांचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी फार त्रास असलेल्या लेकरांना कमी मात्रेत, म्हणजे वजनाच्या दर किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम, हे औषध दिलं. तेवढ्यानंही झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी झाली. हा अभ्यास २०१२ साली छापून आला.

औषध सरकारी व्यवस्थेतून मिळतं. पण ते सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासत राहावं लागतं आणि गुण यायला काही महिने जातात. “दुखत नाही, मग गोळी कशाला” म्हणून मधेच सोडू नका. दुखत नसतानाच ती आतली फूट थांबवत असते. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा, कारण गरोदरपणात हे औषध चालू ठेवत नाहीत. सिकलसेलच्या बाईचं बाळंतपण जोखमीचं असतं, ते मोठ्या दवाखान्यातच व्हावं.

आणखी एक. रक्त कमी म्हणून आपण सगळ्यांना लोहाच्या गोळ्या देतो. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते बहुतेक वेळा पेशी फुटल्यामुळे, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवलंय त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. काहींना मात्र लोहही कमी असतं. म्हणून लोहाची गोळी द्यायची की नाही, हे तपासणी करून डॉक्टरांनाच ठरवू द्या. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र नव्या पेशी तयार व्हायला लागते, ती डॉक्टर सांगतात तशी नियमानं घ्यायची.

फडात आणि घरात

पेशी वाकायला आणि फुटायला काही गोष्टी निमित्त होतात. अंगातलं पाणी कमी होणं, कडाक्याची थंडी, ताप, अति श्रम, उपास, दारू, तंबाखूचा धूर. आता आपल्या ऊसतोडीच्या बायांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे काळोखात, थंडीत फडात उतरायचं. दिवसभर वाकून तोडायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. आणि आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. सिकलसेलच्या बाईसाठी यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे. त्यात खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून ती दुखणं अंगावर काढते.

म्हणून आमचं सांगणं असं, की घरात सिकलसेलचं माणूस असेल तर उचल घेण्याआधी ते माणूस धरून हिशेब करू नका. तिला तोडीला न नेता घराजवळचं हलकं काम करता येईल का, बचत गटातून शेळी, शिलाई, पीठ-मसाल्याचं काही उभं करता येईल का, हे गटानं बघावं. जायचीच वेळ आली तर कार्ड आणि औषधं सोबत, पाण्याची बाटली कमरेला, ऊबदार कपडे, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. मुकादमाला आणि टोळीतल्या दोन बायांना आजाराची कल्पना देऊन ठेवा. पाणी प्यायचं टाळावं लागू नये म्हणून बायांनी मिळून आडोसा उभा करावा. त्याचा फायदा सगळ्यांनाच.

आणि या खुणा पाठ करून ठेवा. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, फार फिक्कटपणा, पोटाची डावी बाजू एकाएकी फुगणं, अर्धांगाची लक्षणं, न थांबणारं दुखणं. यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही.

सुनेनं आणला, असं म्हणू नका

हा आजार शिवल्यानं, उष्ट्यानं, एकत्र राहिल्यानं होत नाही. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक होतो. त्याला सहसा काही त्रास नसतो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चार वाट्यांतला एक वाटा आजाराचा, दोन वाटे वाहकाचे आणि एक वाटा पूर्ण निरोगीचा असतो. म्हणजे लेकराला आजार आहे, तर तो बापाकडूनही आलेला आहे. एकट्या सुनेला बोल लावणाऱ्या घरानं हे समजून घ्यावं.

मावशींच्या घरात सुनेला आजार आहे. मुलाची तपासणी अजून झालेली नाही. मुलगा निरोगी निघाला तर सगळी लेकरं वाहक होतील, पण आजारी होणार नाहीत. तो वाहक निघाला तर प्रत्येक वेळी निम्मा धोका आजाराचा. म्हणून बाळाचा विचार करण्याआधी त्याची तपासणी हवी. तपासणी बोटभर रक्ताची आहे. आधी साधी चाचणी होते, तिच्यात काही दिसलं तर पक्की चाचणी करतात. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. आपला जिल्हा पट्ट्यात नाही म्हणून कोणी दारात येईल याची वाट बघू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, पुढच्या तपासण्यांसाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. एसटीच्या प्रवासात सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे, कागदपत्रं कोणती लागतात ते आगारात विचारा.

मावशी परवा पुन्हा भेटल्या. टूडी इकोची तारीख मिळाली आहे, आणि मुलगाही रक्त द्यायला तयार झाला आहे. म्हणाल्या, “तिला मी कामाची चोर म्हणले, त्याचं वाईट वाटायलंय. आता हंडा मीच उचलते.” आम्ही म्हणालो, हंडा मुलालाही उचलू द्या.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात एवढंच विचारा. कोणाच्या घरात सिकलसेलचं माणूस आहे का, आणि असेल तर त्याला दम लागतो का? दुखतं का, हे आपण विचारतोच. दम लागतो का, हेही विचारायला लागू या.